हिरव्या खड्याची जोड

जुन्या वस्तूंच्या दुकानातून हिरव्या खड्यांची लोंबती कानातली आणली, तेव्हा आत्या म्हणाली, "बाटली फोडून बसवलीय." मग मीही हट्टाने रत्नपारख्याकडे गेले. वाटलं होतं, जाड चष्म्याचे कुणी आजोबा असतील… टेबलामागे बसलेला माझ्याच वयाचा निघाला.

"आत्या म्हणते, बाटलीची काच आहे."

"बाटली चांगल्या घरातली दिसते," तो गंभीरपणे म्हणाला, आणि कानातली ठेवून घेतली.

त्यानंतर माझा रस्ता रोज त्याच गल्लीतून जायला लागला. "झालं का?" मी दारातूनच विचारायची. "अजून नाही," तो म्हणायचा… आणि मला बरं वाटायचं.

आज मात्र त्याने माझ्यासाठी खुर्ची ओढली. त्याने दिलेलं भिंग मी हातभर लांब धरलं.

"वर्तमानपत्र वाचताय का? डोळ्याला लावा… आता खडा जवळ आणा." त्याची बोटं मनगटाला लागली, आणि खडा भिंगासमोर आला.

"मागची प्रत्येक कड दोन-दोन दिसतेय."

"पेरिडॉट नावाच्या हिरव्या रत्नाची खूण. हा अस्सल. दुसऱ्यात बुडबुडा आहे बघा — ती काच. हरवलेल्या खड्याच्या जागी कुणीतरी बसवलेली."

"म्हणजे आत्याचं अर्धं बरोबर."

"आत्यांना सांगू नका."

मी हसले. तो हसला नाही. पुसलेलंच भिंग पुन्हा पुसत म्हणाला, "पुढच्या आठवड्यात मी दुसऱ्या शहरात जातोय. तिथल्या प्रयोगशाळेत बोलावलंय."

खड्याचं नाव कळलं होतं. उद्या या दारात उभं राहायला मला काही कारणच उरलं नव्हतं…

"याला — जोड मिळेल?"

त्याने वर पाहिलं. "मिळेल. पण रंग जुळवायला हा खडा माझ्याजवळ लागेल. वेळही लागेल."

"लागू दे." अस्सल खड्याचं कानातलं मी त्याच्या तळहातावर ठेवलं.

त्याने पेन उचललं. "पावती करतो."

"पावती नको."

"का?"

"पावती असली की वस्तू कुणाच्याही हाती पाठवता येते."

पेन खाली ठेवलं गेलं. कानातल्यावर त्याची मूठ हळूच मिटली.

"मीच घेऊन येईन," तो म्हणाला. "तोवर… वाट बघाल?"

मी काचेचं कानातलं डाव्या कानात अडकवलं, उजवा मोकळाच ठेवला, आणि होकारार्थी मान हलवली. मान थांबली तरी ते एकटं कानातलं कितीतरी वेळ झुलत राहिलं.