तिसरा नमस्कार

स्मारकाच्या दालनात माणूस आडवा पडलेला दिसला तेव्हा युनशूला आधी वाटलं, हा दारू पिऊन आलाय.

बाहेर भुरभुर पाऊस होता. अंगणातल्या गुइहुआच्या झाडांना बहर आला होता आणि त्या वासाने दर शरदात निम्मं शुआंगपू गाव उगाचच हळवं व्हायचं. युनशू मात्र त्या घटकेला अजिबात हळवी नव्हती. मिटलेली ओली छत्री घेऊन ती त्याच्या डोक्याशी जाऊन उभी राहिली.

"उठा. इथे झोपायचं नसतं."

"झोपलो नाहीये."

"मग?"

"छत बघतोय. उभं राहून बघितलं की मान दुखते." तो तसाच पडून म्हणाला. "जरा बाजूला सरकाल का? तुमची छत्री माझ्या कपाळावर गळतेय."

युनशू सरकली. आणि मग आपण निमूटपणे सरकलो कशाला, म्हणून स्वतःवरच चिडली.

त्याचं नाव लू चिहंग. गळकं छप्पर दुरुस्त करायला चांग्शा शहरातून आलेला वास्तुतज्ज्ञ. ती तान युनशू, शाळेच्या सहलींना आणि निवृत्त मंडळींना हे स्मारक दाखवणारी मार्गदर्शक.

"मग मलाही सांगा या जागेबद्दल," तो उठून बसला, पाठीची धूळही न झटकता.

युनशूने सुरुवात केली, "जपान्यांशी लढताना या टापूत ज्या सैनिकांना वीरमरण आलं त्यांच्या स्मरणार्थ युद्ध चालू असतानाच हे दालन उभारण्यात आलं असून त्याची रचना..."

"पाठ केलंय."

"कशावरून?"

"मध्ये श्वास घेतला नाहीत."

युनशूला हसू फुटलं. नंतर तिने पुष्कळ विचार केला, तेव्हा तिला वाटलं की सगळा घोळ त्या हसण्यापासून सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी बांबूची परांची उभी राहिली आणि चिहंग छपरावर चढला तो जणू तिथेच राहायला गेला. दुपारी युनशू टोपलीत चहाचा डबा ठेवायची, तो वरून दोरी ओढायचा. रिकामी टोपली खाली यायची तेव्हा तिच्यात कधी फुटकं हिरवं कौल असायचं, कधी गुइहुआची मूठभर फुलं. कौल दाखवण्यासाठी असायचं. फुलं कशासाठी, हे तिने विचारलं नाही आणि त्याने सांगितलंही नाही.

"तुमच्या या खांबांनी मला फसवलं," एकदा तो खाली उतरून म्हणाला. बाहेरून सगळं जुन्या देवळासारखं होतं, वर वळलेले छपराचे कोपरे, तुळयांखाली एकावर एक चढवलेले लाकडी ठोकळे. पण शेंदरी खांबावर त्याने बोटाने टकटक केलं, तर आवाज लाकडाचा येईना. "हे सिमेंट आहे."

"चांगलं लाकूड सगळं पुलांना आणि खंदकांना गेलं होतं. लग्नात पोरीला खोटे दागिने घालावे लागले, तर त्याला फसवणूक म्हणतात का?"

"नाही म्हणत," तो हळूच म्हणाला. "आणि कौलांच्या सांध्यात काजळी का आहे?"

"विमानातून छप्पर चमकताना दिसू नये म्हणून. गावातल्या बायकांनी आपापल्या चुलीतली आणून दिली होती. माझ्या आजीने पाटीभर दिली. वरची पावसाने धुऊन गेली, सांध्यातली राहिली."

मग तो नावांच्या भिंतीसमोर गेला. काळ्या दगडात कोरलेली सैनिकांची नावं छतापर्यंत चढत गेली होती. काही अक्षरांच्या खाचांत अजून पिवळी माती होती.

"हे सैनिक जुन्या राजवटीचे. मध्यंतरी एक काळ असा आला," युनशू म्हणाली, "की ही नावं भिंतीवर दिसली असती तर कोणीतरी येऊन फोडली असती. गावाने रातोरात चिखलाचा लेप दिला, वर चुना मारला आणि आत भाताची पोती भरली. लेप काढला तेव्हा मी शाळेत होते. आम्हा पोरींना ओली फडकी दिली होती. मी पुसलेलं पहिलं नाव... हे बघा, इथे."

चिहंग नावाकडे बघत नव्हता.

"हे पाठ केलेलं नाही," तो म्हणाला.

"नाही. हे मी कोणाला सांगत नाही."

बाहेर पागोळ्या गळत होत्या आणि कौलाला जिथे जिथे भोक होतं तिथे त्या आतही गळत होत्या.

इथे कोणीही शहाण्या माणसाने चार शब्द बोलून टाकले असते. पण चिहंग कौलांवर संध्याकाळपर्यंत बोलू शकायचा, स्वतःवर आला की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. आणि युनशूचं वेगळंच होतं. दोन वर्षांपूर्वी गावातलाच एकजण तिला 'येतोच' म्हणून ग्वांगतुंगच्या कारखान्यात गेला आणि तिकडेच लग्न करून बसला. बसच्या थांब्यावरच्या तिच्या चकरांची गावभर चेष्टा झाली. तेव्हापासून तिने ठरवलं होतं, बसने जाणाऱ्या माणसात जीव गुंतवायचा नाही, आणि गुंतलाच तर आपण आधी बोलायचं नाही.

आणि चिहंग जाणार होता. काम संपत आलं तेव्हा त्यानेच सांगितलं, लांब उत्तरेकडे गान्सूला जायचंय, लेण्यांच्या डागडुजीला. तीन वर्षं. स्मारक पुन्हा खुलं होईल त्याच्या दुसऱ्या दिवशीची बस.

"गान्सूत थंडी फार असते म्हणे," युनशू म्हणाली.

"असते."

"मग जाड कोट घ्या."

"घेतो."

झालं. एवढंच बोलून दोघं आपापल्या वाटेने गेली आणि युनशू घरी जाऊन कांद्याशिवायच रडली.

स्मारक खुलं झालं त्या सकाळी पाऊस थांबला होता. अख्खं गाव दालनाच्या उघड्या दारांसमोर अंगणात उभं होतं, प्रत्येकाच्या छातीवर दुखवट्याचं कागदाचं पांढरं फूल. पुष्पचक्र वाहायला युनशू आणि चिहंगला पुढे केलं, कारण तिला जागा माहीत होती आणि छप्पर त्याने केलं होतं. पुकारा करणाऱ्या अधिकाऱ्याचा घसा नेमका आदल्या दिवशी बसला, म्हणून ते काम फेंगकाकांकडे आलं. फेंगकाकांचा आवाज नदीपलीकडे जायचा. गावातल्या प्रत्येक लग्नात पुकारा त्यांचाच. लग्नात तीन नमस्कार, पहिला आकाश आणि धरतीला, दुसरा आईवडिलांना, तिसरा वधूवरांचा एकमेकांना. शहिदांनाही तीनच, फक्त तिन्ही त्यांनाच. यात चुकण्यासारखं काय आहे, असं काकांनी स्वतःच सगळ्यांना सांगितलं होतं.

दोघांनी पुष्पचक्र भिंतीशी ठेवलं आणि मागे सरकून दोघं शेजारी शेजारी उभी राहिली.

"पहिला नमस्कार," काकांनी पुकारलं. अंगण वाकलं.

"दुसरा नमस्कार."

पुन्हा सगळे वाकले. आणि मग, समोर एक तरुण आणि एक तरुणी जोडीने उभी बघून, काकांची चाळीस वर्षांची सवय जिभेवर आली.

"नवरा-नवरी, एकमेकांना नमस्कार!"

फेंगकाकांनी स्वतःच्या तोंडावर हात दाबला.

युनशूचे कान तापले. आता भिंतीकडेच बघायचं, हलायचं नाही, असं ठरवत असतानाच शेजारी सावली हलली. चिहंग तिच्याकडे वळला होता. त्याने हात सरळ खाली सोडले आणि तिच्यापुढे कमरेतून पूर्ण वाकला. तसाच वाकून राहिला.

"अगं बाई," मागून युनशूची आई पुटपुटली, "अंगावर पांढरं फूल, समोर गेलेली माणसं... असला अपशकुन."

पहिल्या रांगेत खुर्चीवर ल्याओआजी बसल्या होत्या. त्यांच्या नवऱ्याचं नाव भिंतीवर होतं. त्यांनी काठी हलकेच फरशीवर टेकवली.

"कसला अपशकुन," त्या म्हणाल्या. "माझ्या माणसाचं निदान लग्न तरी झालं होतं. बाकीची पोरं बहुतेक बिनलग्नाची गेली. त्यांच्या समोर होतंय तर होऊ दे. बघू दे की त्यांना."

कोणी हसलं नाही. चिहंग वाकलेलाच होता, त्याच्या मानेवर घाम आला होता आणि तो युनशूला दिसला. तिचा माणूस तिच्यासमोर होता आणि तिला तो हवा होता, इतकं साधं होतं ते. ती त्याच्याकडे वळली. वाकली. दोघांची डोकी एकमेकांना लागली.

"चुकून केलंत ना हे?" तिने खालच्या खाली विचारलं.

"चुकले फेंगकाका," चिहंग म्हणाला. "मी नाही."

"मी थांब्यावर वाट बघत बसणार नाही. आधीच सांगते."

"नका बसू... मग?"

"हिवाळा संपला की मीच येईन. लेणी दाखवायला तिकडेही माणूस लागत असेल."

"लागतं," तो म्हणाला. "मला लागतं."

तेवढ्यात फेंगकाकांनी घसा खाकरला आणि जितक्या हळू आवाजात त्यांना जमेल तितक्या हळू पुकारलं, "तिसरा नमस्कार."

दोघं भिंतीकडे वळली. अंगणाबरोबर वाकली, आणि बाकीचे उठून उभे राहिले तरी ती दोघं बराच वेळ वर आलीच नाहीत.