न वाजलेला भोंगा

त्या दिवशी आभाळ धुराने भरलं होतं. वर डोंगरात रानं पेटलेली, महिनाभर पाऊस नाही, सूर्य निखाऱ्यासारखा लाल. सप्टेंबरातला दुसरा बुधवार. पोरांनो, ही हार्लन टॉलीची गोष्ट. लाकडाच्या गिरणीत तो माझ्या शेजारी राबला. पदरचं घालून सांगणारा माणूस नव्हे.

दिवेलागणीला शेजारची म्हातारी ओपल कुंपणाशी आली. "हार्लन, माझी शेळी पुन्हा नदीत उतरली रे. आणतोस? की उद्याच्या सुनावणीसाठी घसा जपतोयस?"

"तीन मिनिटं देतात बोलायला. त्याला कसला घसा लागतो?"

नदी म्हणजे नुसते धोंडे. धरणाच्या कंपनीने सगळं पाणी नळातून वीजघराकडे पळवलेलं. यंत्रं बंद पडली की तेच पाणी एकदम पात्रात सोडायचं, आणि आधी भोंगा वाजवायचा, असा नियम. एकोणीस वर्षांमागे हार्लनचा धाकटा भाऊ रॉइस डबक्यात मासे धरत होता. पाणी आलं. भोंगा वाजला नव्हता. कंपनी म्हणाली, वाजला. म्हणे, माणूसच प्यालेला होता. रॉइस दारूला शिवत नसे. त्याचं प्रेत मिळालं, पण त्याची लोखंडी टोकाची काठी मिळाली नाही. तिला हार्लनने लाल चामड्याची वादी शिवून दिली होती.

आता कंपनीचा पन्नास वर्षांचा परवाना संपला होता. केंद्र सरकारकडे आणखी चाळीस मागताना अर्जात तेच छापलेलं: एक मृत्यू, मृताच्या नशेमुळे. हार्लनला उद्याच्या सुनावणीत ते खोडायला लावायचं होतं.

शेळी सापडली तेव्हा पुरता अंधार पडला होता. त्याने तिच्या गळ्यात दोरी घातली. तेवढ्यात वरच्या अंगाला आवाज झाला.

ठक.

दगडावर लोखंड.

"कोण आहे?"

ठक… ठक…

शेळी थरथरू लागली. आवाज जवळ आला. हातातल्या कंदिलाच्या उजेडात कुणी नाही. दगडावर ठिणगी उडाली. रागाने मारल्यासारखी. मग त्याच्या पायाशी. मग पाठीमागे. गुरं हाकावीत तसा तो काठाकडे हाकला गेला.

"रॉइस…?"

आवाज थांबला.

हार्लन शेळीला उचलून काठावर चढला. आणि खाली पाणी आलं. भिंतीसारखं. भोंगा… गप्प.

सकाळी शाळेच्या सभागृहात त्याने एवढंच सांगितलं, की काल पाणी सोडलं आणि भोंगा वाजला नाही. काठीचं बोलला नाही. कंपनीचा माणूस हसला. "यंत्रात नोंद आहे. भोंगा वाजलाय. टॉली साहेबांचं वय झालं, ऐकू कमी येत असेल."

मागे दोघंतिघं खुसखुसले. हार्लन त्याच्याकडे वळला. "तेव्हा माझा भाऊ प्यालेला. आज मी बहिरा. तुमचा भोंगा तेवढा कधी चुकत नाही."

सरकारकडून आलेली बाई म्हणाली, "साक्षीला कुणी आहे?"

"मी आहे." दारात ओपल उभी होती, गोठ्यातल्या बुटांसकट. "भोंग्याचा खांब माझ्या गोठ्यामागेच आहे. काल तो वाजला नाही. मीही बहिरी म्हणायचंय का कुणाला?"

कुणी हसलं नाही. बाईने लिहून घेतलं.

ओपल हार्लनशेजारी येऊन बसली. मग त्याच्या कानाशी वाकली.

"सकाळी पाहिलं, रॉइसची काठी त्या खांबावर आहे. पार वर, भोंग्याला लाल वादीने टांगलेली. तिथवर शिडी पोचत नाही… आणि हार्लन, पावसाचा थेंब नाही महिनाभर… तिच्यातून पाणी गळतंय."