यादीतली तिसरी ओळ

पेनड्राइव्ह बूटेबल करायला फार अक्कल लागत नाही, डोळे उघडे लागतात. प्रोग्राम सुरू करायचा, कुठला ड्राइव्ह वापरायचा तो यादीतून निवडायचा. ‘यावरचं सगळं पुसलं जाईल, चालेल?’ असं तो विचारतो, त्याला हो म्हणायचं. मग त्या पेनड्राइव्हवरून बंद पडलेला कॉम्प्युटर उठवता येतो. दुरुस्तीच्या धंद्यातली आम्ही माणसं एकाच गोष्टीला घाबरतो, भलतं काही निवडून हो म्हणण्याला.

माझ्या दादाने तेच केलं होतं. चूक म्हणवत नाही मला. बेफिकिरी होती ती.

मावशी माझ्याकडे राहायची. अंध मुलांच्या शाळेसाठी धडे वाचून रेकॉर्ड करायची, खिडकीशी ठेवलेल्या तिच्या कॉम्प्युटरवर. पुढे गळ्याचं ऑपरेशन झालं आणि तिचा आवाज कायमचा गेला. कॉम्प्युटरही कुरकुरायला लागला होता, म्हणून मी तिचे सगळे धडे एका लाल पेनड्राइव्हवर उतरवून घेतले. मी बाहेर गेलेली असताना दादाने नेमका तोच उचलला, बूटेबल केला, मावशीचा कॉम्प्युटर धुऊनपुसून कोरा केला आणि आपल्या घरी नेला. मावशी त्याचा हात धरून नुसती मान हलवत राहिली. ओरडणार कशी बिचारी!

"अगं, रेडिओ काय कमी आहेत का ऐकायला?" हे त्याचं मला उत्तर. माफी नाही की काही नाही. मावशी त्यानंतर फार जगली नाही. मी मात्र दातओठ खात जगले.

दादा सूत्रसंचालक आहे. स्टेज असो की स्वयंपाकघर, तोंडाचा पट्टा चालूच. "बोलणाऱ्याची बोरं विकली जातात, छोटे," असं मला ऐकवायचा.

परवा दुपारी मावशीचाच कॉम्प्युटर घेऊन माझ्या दुकानात हजर.

"उठतच नाही गं हा. संध्याकाळी मोठा कार्यक्रम आहे, सगळं निवेदन आत अडकलंय." आणि खिशातून काढून तोच लाल पेनड्राइव्ह टेबलावर टाकला. "हा घे, मागे यानेच झाला होता."

बघा म्हणजे! दोन वर्षं मी हा मागत होते आणि दोन वर्षं दादा ‘हरवला’ म्हणत होता. पुसलेलं कधीकधी परत काढता येतं, एवढ्या एका आशेवर मी त्याला हाकललं नाही. पेनड्राइव्ह लावला, शोधायचं होतं तेवढं शोधलं. एक धडा नाही, धड्याचा तुकडाही नाही. तेव्हा म्हटलं, याचं काम करून याला वाटेला लावावं.

प्रोग्राम सुरू केला. यादीत पहिली ओळ माझ्या हार्ड डिस्कची, दुसरी पेनड्राइव्हची. खाली तिसरी होती.

‘पोपट.’

लहानपणी मावशी दादाला याच नावाने हाक मारायची.

"तू आणखी काही लावलंस का रे मशीनला?"

"मी? मी हातसुद्धा लावला नाही. बरं ते जाऊ दे, कालच्या कार्यक्रमात काय गंमत झाली माहितेय..."

तो सुरू झाला, आणि तिसऱ्या ओळीपुढचा भरलेल्या जागेचा आकडा वाढायला लागला. पाणी प्यायला तो थांबला. आकडा थांबला. घोट गिळून बोलू लागला, तसा आकडाही पुन्हा चालू झाला.

मी पेनड्राइव्ह काढला. दुसरी ओळ गेली, तिसरी राहिली. कॉम्प्युटर बंद करून परत सुरू केला, तरी राहिली.

"तोंड का एवढंसं झालंय?" दादा म्हणाला. "अजून मावशीचंच डोक्यात धरून बसलीस? मुक्या बाईचे धडे कोण ऐकणार होतं, सांग बरं!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी पेनड्राइव्ह परत लावला. तिसरी ओळ निवडली.

‘यावरचं सगळं पुसलं जाईल, चालेल?’

हो.

हिरवी पट्टी सरकू लागली. दादा बोलतच होता. पाहुण्यांनी त्याची पाठ कशी थोपटली, लोक कसे उभे राहिले. पट्टी अर्ध्यावर आली तेव्हा तो भिंतीपलीकडून बोलल्यासारखा वाटू लागला. पट्टी भरली. ओठ हलत राहिले.

त्याने घसा खाकरला. त्याचाही आवाज आला नाही.

यादीत आता दोनच ओळी होत्या. मी पेनड्राइव्ह उघडला. मावशीचे धडे, एकाखाली एक, सगळे. पहिल्यावर क्लिक केलं.

"मुलांनो, नीट बसा. आज आपण नदीचा धडा वाचूया."

मावशी! मला रडूच कोसळलं.

दादाने मागून माझा खांदा धरला आणि तोंड उघडलं. मावशी वाचता वाचता थांबली. वर्गात कुणी गडबड केली की थांबावं, तशी. त्याने तोंड मिटलं, तशी ती पुढे वाचू लागली. त्याने पुन्हा उघडलं. ती पुन्हा थांबली.

स्क्रीनवर एक चौकट आली.

‘पूर्ववत करायचं? पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाईल.’

दादाने ती वाचली. ‘हो’वर बोट ठेवून त्याने माझ्याकडे पाहिलं. मग हात जोडले. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"दादा," मी म्हटलं, "मधे बोलू नकोस."

चौकट बंद केली आणि स्पीकरचा आवाज वाढवला.