चाचणीची माणसं

वीज कंपनीच्या ग्राहकांच्या माहितीसाठी नवा सर्व्हर निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण बाकीचे मीटिंगमधून वेळेवर सटकले. दोन मशीन चाचणीला आणली होती. एक धिप्पाड, मेमरी आणि डिस्क भरपूर. दुसरं त्याच्या अर्ध्या ताकदीचं. साहेबांचा जीव दुसऱ्यात. "अंथरूण पाहून पाय पसरावेत," ते म्हणाले. डेटाबेसचं सॉफ्टवेअरसुद्धा त्यांना फुकटातलंच हवं होतं.

चाचणीला खरी माहिती वापरायची नसते, म्हणून मी लाखो खोटे ग्राहक तयार केले. आळस, दुसरं काय! सगळ्यांना एकच पत्ता, एकच जन्मतारीख: १ जानेवारी १९००. धिप्पाड मशीननं ते सहज पेललं. छोटं धापा टाकायला लागलं.

दुपारी एक आजोबा कण्हत माझ्या टेबलाशी आले.

"माझं वय तुम्हीच लिहिलंत ना? गुडघे बघा जरा!"

मला वाटलं, बिलाची तक्रार असेल. ग्राहक क्रमांक विचारला. त्यांनी सांगितलेला क्रमांक मीच सकाळी बनवला होता.

"आम्ही सगळे एकाच घरात राहतो," ते म्हणाले. "संडासाची रांग संपत नाही हो."

मला हसू आलं, खोटं कशाला बोलू?

"मोठं मशीन घ्या. छोट्यात आम्ही मावणार नाही."

"आजोबा, साहेबांनी छोटंच पक्कं केलंय. आणि तुम्हाला तर आज संध्याकाळीच पुसायचंय."

"मग आम्ही जायचं कुठं?"

त्यांचा चेहरा पाहून मला भडभडून आलं. तोंडातून निघून गेलं, "या की आमच्याकडे!"

ते लगेच उठले. पत्ता विचारला नाही.

संध्याकाळी मी सगळी खोटी माहिती पुसायला घेतली. मशीननं कळवलं, पुसण्यासारखं काहीच नाही.

तेवढ्यात बायकोचा फोन. "अहो, तुमच्याकडचे पाहुणे आलेत. किती ते! बसायला जागा नाही. लवकर या."

मी धावत सुटलो.

जिन्यात चपला होत्या, तळापासून आमच्या दारापर्यंत. सगळ्या सारख्या, एकाच मापाच्या.

आत चिडीचूप.

बायकोला हाक मारली. ओ आली नाही.

दाराच्या उजव्या अंगाला ती आपल्या चपला काढते. तिच्या चपलांच्या जागीही तसाच जोड होता.