मुसांगूच्या सावलीतील भोके

"खड्ड्यात उतरायचं असेल तर चपला बाहेर," न्चिमुन्याताईने बजावले. आणि तिचे वाक्य पूर्ण होण्याच्या आत लुयांदो चपलांसकट खड्ड्यात पडला.

माती त्याच्या केसांत गेली, कानांत गेली, आणि 'आई गं' म्हणण्यासाठी उघडलेल्या तोंडातही गेली. वरून त्याचा मामेभाऊ हाबेन्झू वाकून पाहत होता.

"चव कशी आहे रे? मीठ कमी पडलंय का?"

"तू ये ना खाली. उरलेली तुला वाढतो."

चीलो मात्र हसली नाही. ती लुयांदोची बहीण, त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी. तिचे लक्ष भावाकडे नव्हतेच. खड्ड्याची एक भिंत ताईने कुदळीने तासून सरळ केली होती, आणि सकाळचे तिरके ऊन त्या भिंतीवर पडले होते. वर बोटभर काळसर थर. त्याखाली विटकरी, मग लाल, आणि तळाशी पिवळट ठिपके असलेली घट्ट माती. ज्या शेतात ती जन्मल्यापासून धावत होती, त्याच्या आत एवढे रंग निजलेले आहेत हे तिला ठाऊकच नव्हते.

"ही मुळं बघ," ताई म्हणाली. गेल्या हंगामातील मक्याची सुकलेली मुळे काळसर थरातून सरळ खाली आली होती आणि लाल मातीशी पोहोचताच काटकोनात वळली होती. "खाली ओलावा आहे, तरी ती जात नाहीत. माती आंबट आहे. त्यांना ती सोसत नाही."

ताई, चीलो आणि लुयांदोची थोरली बहीण, कृषी महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाला होती. एका शेताच्या मातीचा पुरता अभ्यास करून दाखवणे हे तिचे परीक्षेचे काम, आणि तिने आईचे शेत निवडले होते. ऑगस्टची, म्हणजे इथल्या कोरड्या ऋतूतली, सुट्टी लागल्यापासून तिन्ही मुले तिचे पाणी वाहत होती, मातीची ढेकळे फोडत होती आणि एकमेकांवर ती फेकतही होती. ताई मातीचा एकेक नमुना काचेच्या नळीत घेई, त्यात पाणी आणि औषधाचे थेंब टाकून हलवी, आणि मग सारे जण श्वास रोखून पाहत. आंबट माती असेल तर पाणी नारिंगी होई. माती जितकी कमी आंबट, तितके ते हिरव्याकडे झुके. शेतातील प्रत्येक नमुना नारिंगी निघाला होता. चुना घातल्याशिवाय इथे मका धड वाढणार नाही, असे ताईने महाविद्यालयाला कळवले होते.

त्या दिवशी दुपारी तिचा फोन वाजला. बोलून ती परत आली तेव्हा तिच्या हातातील कुदळ उगीचच जमिनीला टेकली होती. फोन महाविद्यालयात तिला शिकवणाऱ्या मुनकोंब्वेबाईंचा होता. सहकारी संस्थेच्या हामाइम्बोसाहेबांनी काही आठवड्यांपूर्वी याच शेतातील माती तपासणीला पाठवली होती, आणि प्रयोगशाळेने ती उत्तम ठरवली होती. चुन्याची काही गरज नाही. एकाच शेतात दोन प्रकारची माती असू शकत नाही, असे बाई म्हणाल्या होत्या. एक तर ताईच्या हातून चूक झाली आहे, नाहीतर तिने घरी बसून आकडे रचले आहेत. गुरुवारी त्या स्वतः येणार होत्या. त्यांची खात्री पटली नाही तर ताईचे वर्ष वाया जाणार होते.

"तू रचलेस का?" लुयांदोने विचारले.

हाबेन्झूने त्याच्या डोक्यात टपली मारली. ताईने मात्र शांतपणे आपले तळवे पुढे केले. कुदळीच्या दांड्याने उठलेले फोड फुटून पुन्हा उठले होते. लुयांदोने मान खाली घातली, आणि मग तिच्यासाठी चिब्वांतूचा, म्हणजे मक्याच्या आंबटगोड पेयाचा, थंड पेला आणायला तो न सांगता घराकडे पळाला.

संध्याकाळी आईने आठवून सांगितले की हामाइम्बोसाहेब मोटरसायकलवरून आले होते. जाताना, भर उन्हात सगळे शेत नागमोडी चालून पालथे घातल्याचे सांगून त्यांनी घाम पुसला होता. आईला ते ऐकून त्यांची दयाच आली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघे मुसांगूखाली बसले होते. शेताच्या मधोमध ते एकच झाड. पावसाळ्यात रानातील साऱ्या झाडांना पाने फुटतात, तेव्हा मुसांगू आपली पाने गाळून उघडा होतो आणि खालच्या मक्याला आकाश मोकळे करून देतो. मग ऋतू पालटतो, रान राखेच्या रंगाचे होते. आणि जगाने हात आखडता घेतल्यावर हा एकटा हिरवा होतो. त्याच्या पिवळ्या, वेटोळ्या शेंगा खायला साऱ्या गावची गुरे इथे येतात आणि त्याच्या सावलीत रवंथ करत दुपार घालवतात. चीलोला हे झाड फार आवडे. सर्वांच्या उलट वागूनही ते कुणाच्या विरुद्ध नव्हते.

"पाय वर घ्या," हाबेन्झू एकाएकी कुजबुजला. "सापाचं बीळ."

लुयांदो तत्क्षणी त्याच्या मांडीवर जाऊन बसला. वाळलेल्या पानांत खरोखरच एक गोल भोक होते. पलीकडे दुसरे, बुंध्याजवळ तिसरे. चीलोने गुडघे टेकले, काडी आत घातली आणि ती बाहेर काढून पाहिली.

"साप भोकं इतकी सारखी पाडत नाही. सगळी एकाच मापाची आहेत, एकाच खोलीची. आणि कडेला पीळ उमटलाय बघ. हे मातीचे नमुने काढायच्या गिरमिटाचं काम आहे."

"तरी मी म्हणालोच होतो, की साप नसावा," हाबेन्झू म्हणाला.

बुंध्यामागे उसाची वाळलेली चिपाडे पडली होती आणि मातीवर तेलाचा काळा डाग होता. मोटरसायकल कितीतरी वेळ इथे उभी राहिली असावी. तिघांनी मग सगळे शेत ओळीने धुंडाळले. डोके तापले, ओठ सुकले. सावलीबाहेर त्यांना तसे एकही भोक सापडले नाही.

चीलोने झाडाखालची चिमूटभर माती ताईच्या नळीत टाकली, आणि पाणी व औषधाचे थेंब घालून ती हलवली. नळीतील पाणी हळूहळू निवळले आणि हिरवे झाले.

ताई कितीतरी वेळ त्या हिरव्याकडे पाहत राहिली. वर्षानुवर्षे गळलेली पाने, शेंगा, गुरांचे शेण. झाडाने आपल्या पायाशी एक निराळीच जमीन घडवली होती. "नमुना घेताना झाडाखालची आणि गुरं बसण्याची जागा टाळायची, हा आमचा पहिला धडा," ती म्हणाली. "पण हे त्यांच्या तोंडावर सांगितलं, तर ते म्हणतील की ही भोकं माझी नव्हेतच; माझी शेतात होती, ती वाऱ्याने बुजली."

"मग त्यांनाच सांगू दे," चीलो म्हणाली. "त्यांना खोटं काहीच सांगायचं नाही. हाबेन्झू पहिल्यांदा जे बोलला, तेवढंच सांगायचं."

"माझा मूर्खपणा चारचौघांत?"

"ताईच्या वर्षासाठी," लुयांदो गंभीरपणे म्हणाला. "तुझ्याकडे तो भरपूर आहे."

गुरुवारी मुनकोंब्वेबाई आल्या, आणि संस्थेच्या वतीने हामाइम्बोसाहेबही आले. मुलांनी गुडघे वाकवून, टाळ्या वाजवून दोघांना अभिवादन केले. आईने ओंडके मुसांगूखालीच मांडले होते. दुसरी सावली होतीच कुठे? साहेब आरामात टेकले. आपण हे शेत नागमोडी वाटेने कसे पालथे घातले, पुस्तकात सांगितले आहे तसे जागोजागी कसे थांबलो, हे त्यांनी बाईंना विस्ताराने ऐकवले. ताई उभीच होती. तिचा चेहरा खड्ड्यातल्या लाल मातीसारखा घट्ट झाला होता.

लुयांदोने ओंडक्यावर चढून पाय पोटाशी घेतले.

"काय झालं रे?" साहेबांनी विचारले.

"काका, तुम्हीही पाय वर घ्या. इथं भोकं आहेत. हाबेन्झूदादा म्हणाला सापाची बिळं."

हाबेन्झूने ओशाळून मान डोलावली. त्यासाठी त्याला नाटक करावे लागले नाही.

साहेब पोट धरून हसले. "अरे, शेतकऱ्याची पोरं ना तुम्ही? साप कसला! ही माझ्या गिरमिटाची भोकं. हे एक, ते एक, ते बुंध्याजवळचं. मी स्वतः पाडलीत."

"सगळी तुमचीच?" चीलोने अदबीने विचारले.

"सगळी माझीच. दुसऱ्या कुणाला इतकी सरळ पाडता येतील?"

"छान आहेत. बाकीची शेतात कुठं आहेत, काका? आम्ही फार शोधली."

साहेबांचे हसू ओठांवरच वाळले. त्यांनी शेताकडे पाहिले. शेत पांढऱ्या उन्हात मुकाट पडले होते. बाईंनी मात्र वर पाहिले. हिरवी पाने, शेंगांचे घोस. मग खाली, शेणाने मऊ झालेल्या काळ्या मातीकडे. चपला काढून त्या ताईच्या खड्ड्यात उतरल्या, आणि त्यांनी वळलेल्या मुळांवरून बोट असे फिरवले, जणू एखाद्या आजाऱ्याची नाडी पाहत आहेत.

"न्चिमुन्या," त्या खालून म्हणाल्या, "तू रचलंस असं मी म्हणाले. ते शब्द मी मागे घेते. इतका नीट तासलेला खड्डा मी फार दिवसांत पाहिला नाही." थोडे थांबून त्यांनी विचारले, "पण तुझ्या कामात या झाडाचा उल्लेख का नाही?"

ताई गोंधळली. "मी फक्त उघड्या शेताकडे पाहिलं, बाई."

"मग अर्धं शेत पाहिलंस. उरलेलं या मुलांनी पाहिलं. झाडाखाली दुसरा खड्डा घे, आणि दोन्ही शेजारी शेजारी मांड. वर्ष तुझं पक्कं आहे." त्यांनी चीलोला हात दिला. "ये खाली. चपला काढल्यास का? ही भिंत जवळून बघ. पुढं तुला हेच करायचंय, असं मला वाटतं."

चीलोने लाल मातीवर तळवा ठेवला. ती थंड होती, आणि काहीतरी ऐकत असल्यासारखी स्थिर. आईने काठावरून पाहिले आणि डोळे पुसले. धूळ गेली, असे ती म्हणाली.

साहेब तोवर उठले होते. त्यांनी मोटरसायकलला बांधलेले गिरमीट सोडले, आणि कुणाकडेही न पाहता विचारले की सुरुवात कोणत्या कोपऱ्यापासून करू.

"त्या वारुळापासून, काका," हाबेन्झू म्हणाला. "नागमोडी. मी पुढं चालतो, तुम्ही मागून या."

ते उन्हात निघाले. पुढे हाबेन्झू, मागे गिरमीट खांद्यावर घेतलेले साहेब; आणि त्यांच्या डोक्यावर आईची फुलाफुलांची छत्री धरून, टाचा उंचावत, लुयांदो.