बेचाळीस अंश

पॅनेलचं दार उघडलं तेव्हा जळक्या रबराचा वास अजून आत कोंडलेला होता. स्फोटाला तीन दिवस झाले होते.

"तेव्हापासून कुणी हात लावलाय याला?" तपासनीस बाईंनी विचारलं.

"छे! कुलूप घातलंय. किल्ली माझ्याच खिशात," फोरमन म्हणाला.

मोठ्या मोटरचा वेग सांभाळणारं हे पॅनेल. आत फार तापलं की सेन्सर कळवतो आणि ते आपोआप बंद पडतं. त्या दिवशी ते बंद पडलं नाही. कपॅसिटर फुटला, जाळीतून आगीचा लोळ आला आणि समोर उभ्या ऑपरेटरचे दोन्ही हात भाजले. मशीनपाशी सतत गुणगुणायचा म्हणून सगळे त्याला गवई म्हणत. जीव वाचला होता. बोटांबद्दल डॉक्टर अजून तोंड उघडत नव्हते.

बाईंनी सेन्सर सोडवला, गरम हवेखाली धरला. आकडे बरोबर चढत गेले. मग पॅनेलच्या इनपुटला बाहेरून सिग्नल दिला. नव्वद अंशांना पॅनेल इमानदारीत बंद पडलं.

"सेन्सर ठणठणीत, इनपुटही ठणठणीत," त्या पुटपुटल्या. "मग त्या दिवशी काय झोपले होते दोघं?"

त्यांनी लॅपटॉप जोडून स्फोटाआधीच्या दिवसांच्या नोंदी काढल्या. तापमान बेचाळीस. दुपारी बेचाळीस, पहाटे बेचाळीस. सुट्टीच्या दिवशी मोटर बंद असतानाही बेचाळीस.

टॉर्च लावून त्या वाकल्या. सगळ्या स्क्रूंवर काजळी होती. सेन्सरच्या वायरी जिथे येतात ते दोन स्क्रू मात्र त्यांनी हात लावण्याआधीच चकचकीत होते. दार उघडताच काढलेला फोटो त्यांनी पुन्हा पाहून घेतला.

"टेस्टिंग कोण करतं?"

"माझा जावई," फोरमन म्हणाला. "हॉस्पिटलात आहे, गवयापाशी. बोलावतो."

बाई आणि फोरमन वरच्या ऑफिसात थांबले. जावई आला. दाढी वाढलेली, शर्ट तीन दिवसांपूर्वीचाच. खुर्चीत बसायच्या आत म्हणाला, "माझ्यामुळे झालं, मॅडम."

"काय झालं तुमच्यामुळे?"

"टेस्टिंगला सेन्सर सोडवून मी त्याच्या जागी एक रेझिस्टन्स लावतो. पॅनेलला वाटतं, बेचाळीस अंश आहे. काम झालं की सेन्सर परत जोडायचा. मी विसरलो असणार."

"असणार म्हणजे?"

"आठवतच नाही. रात्रंदिवस तेच आठवायचा प्रयत्न करतोय."

बाईंनी फोरमनकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

"माणूस आहे, चुकतो कधी कधी," तो म्हणाला. "नवीन बाळ घरात, झोप नाही..."

"टेस्टिंग किती तारखेला केलंत?"

"तीन."

"आणि बाळ?"

"पाचला. सकाळपासून मी प्रसूतिगृहातच होतो. मुलगी झाली."

बाईंनी लॅपटॉप त्याच्याकडे वळवला.

"हे बघा. तीन तारखेनंतर दोन दिवसांत पॅनेल सात वेळा तापून बंद पडलंय. म्हणजे सेन्सर जागेवर होता, काम करत होता. तुम्ही तो जोडलाच होता. बेचाळीसची सरळ रेघ सुरू होते पाच तारखेला, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी. त्याआधी चार मिनिटं दार उघडं असल्याची नोंद आहे."

जावई आकड्यांकडे बघत राहिला. 

"स्फोटानंतर कुणीतरी तो रेझिस्टन्स काढला आणि सेन्सर पुन्हा जोडला. काजळी बसल्यावर जोडला, म्हणून ते दोन स्क्रू स्वच्छ. तुम्ही तर गवयाबरोबर ॲम्ब्युलन्समधून गेलात ते कारखान्यात आजच परत आलात." त्या फोरमनकडे वळल्या. "आणि किल्ली तुमच्या खिशातून हलली नाही. तुम्हीच सांगितलंत."

फोरमन हळूच खाली बसला.

"पॅनेल थंड ठेवणारा पंखा मरायला टेकला होता," तो म्हणाला. "सारखं मशीन बंद. वरून फोनवर फोन. याला बोलावणार कसा? माझी पोरगी तिकडे कळा देत होती. म्हटलं, नवा पंखा येईपर्यंत याच्यासारखाच रेझिस्टन्स लावून चार दिवस चालवू. पंखा आला नाही. रोज ठरवायचो, उद्या काढतो. मग नातीला बघायला पळायचो."

"आणि स्फोट झाल्यावर?"

"हात आपोआप गेला. विचार केला नाही. नंतर हा स्वतःलाच दोष द्यायला लागला, आणि मी... मी गप्प बसलो."

जावई उठला. आवाज चढला नाही त्याचा.

"मामा, तीन दिवस मी बाळाला हात लावला नाही. तुमची लेक विचारत होती, घेत का नाही. मी म्हणालो, हात घाण आहेत."

फोरमननं वर बघायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

जावई निघून गेला. जिन्यावर त्याची पावलं आधी हळू, मग धावल्यासारखी वाजली.

बाईंनी जबाबाचा कागद पुढे सरकवला. फोरमननं सगळं लिहून सही केली.

"गवयाला कोण सांगणार?" त्यानं विचारलं.

"तुम्ही. गाडी खाली उभी आहे."

तो उभा राहिला, टेबलाला धरून थांबला. "त्यानं विचारलं, 'मी तुमचं काय वाईट केलं होतं?' तर?"

बाईंनी दार उघडून धरलं.