पितळी खटक्यावरचा हात

"मला खोटं ठरवा," अनिल शेट्ये खुर्चीत टेकता टेकताच म्हणाले. "पण आजच ठरवा."

खासगी तपासाची कामं घेणाऱ्या राजश्री सुर्वे यांच्या माळनाक्यावरच्या कचेरीत लोक यायचे ते आपलंच खरं करून घ्यायला. असा उफराटा अशील संदेशने पहिल्यांदाच पाहिला. संदेश हा राजश्रीताईंचा मदतनीस. पायाने चपळ, डोक्याने जरा सावकाश, आणि हे त्याला स्वतःलाही मान्य होतं.

अनिलकाका हॅम रेडिओ क्लबचे सचिव. हॅम म्हणजे घरातच छोटं रेडिओ केंद्र लावून जगभर संपर्क साधणारे परवानाधारक हौशी लोक. गेल्या आठवड्यात त्यांची मोठी स्पर्धा झाली. एक दिवस आणि एक रात्र बसायचं आणि मोर्सच्या, म्हणजे ठिपके-रेघांच्या सांकेतिक भाषेच्या, कट्ट-कडकट्टमध्ये जास्तीत जास्त लोक गाठायचे. राजिवड्याची रुबिना मुकादम त्यात एकहाती गटात देशात पहिली आली होती.

"एकहाती म्हणजे केंद्रावर एकच माणूस," अनिलकाका म्हणाले. "ज्यावर मोर्स वाजवतात त्या खटक्याला दुसऱ्याने बोटसुद्धा लावायचं नाही. आता हे ऐका. मी माझ्या घरून टिपलंय."

त्यांनी मोबाइलवर ध्वनिमुद्रण लावलं. रात्रीचे ठिपके आणि रेघा अगदी एकसारख्या, यंत्राने पाडल्यासारख्या. पहाटेपासून मात्र लय बदलली. प्रत्येक अक्षराची शेवटची रेघ किंचित लांबू लागली.

"मोर्समध्ये माणसाचा हात ओळखू येतो, कागदावरचं अक्षर ओळखू येतं तसा. हा हात रुबिनाच्या वडलांचा आहे, फारुकचाचांचा. जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते ते. मला त्यांनीच शिकवलं. हा हात मी झोपेतसुद्धा ओळखीन."

"मुलगी काय म्हणते?"

"म्हणते, इलेक्ट्रॉनिक खटका बिघडला म्हणून अब्बांचा पितळी घेतला, पण सगळं मीच केलं. आता खटका बदलला म्हणून हात बदलतो का? चाचांना विचारतो म्हटलं तर हातापाया पडायला लागली, त्यांना यातलं काही कळू देऊ नका म्हणून." अनिलकाकांनी कपाळ पुसलं. "आमच्या खेळात पंच नसतो हो ताई. जो तो आपल्या खोलीत एकटा. प्रामाणिकपणा गेला तर उरलं काय? संध्याकाळी तक्रारीवर सही करायचीय मला. सही झाली की भारताच्या संघातलं तिचं नाव जाणार, आणि पुन्हा तिच्या हाकेला कुणी ओ देणार नाही."

संदेशला रुबिनाचं नाव चांगलंच ठाऊक होतं. मागे वादळात मोबाइल बंद पडले होते, तेव्हा त्याच्या भावाची होडी जयगडला सुखरूप लागल्याचा निरोप याच रुबिनाने रेडिओवरून मिळवला होता. त्याची आई आजही तिचं नाव काढते.

ताई आणि संदेश राजिवड्यात पोचले तेव्हा रुबिनाच्या घराचं दार उघडंच होतं. पडवीत फारुकचाचा पेपर वाचत बसले होते. आत कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत होता, करपल्याचा वास पडवीपर्यंत आला होता, पण चाचांनी पेपरातून मान वर केली नाही. शेवटी रुबिनाच माडीवरून धावत आली, गॅस बंद केला आणि वडलांसमोरच्या मेजावर दोनदा बोटं आपटली. तेव्हा कुठे त्यांनी पाहिलं.

"या, या! बसा," ते प्रसन्न हसले.

घराला आग लागली तरी हा माणूस पेपर सोडायचा नाही, संदेशच्या मनात आलं. रुबिनाच्या उजव्या मनगटाला पट्टी बांधलेली होती. कोलंबी सोलताना लागलं असेल, असं त्याने आपलं ठरवून टाकलं.

रेडिओची खोली माडीवर होती. चाचाही मागोमाग आले आणि खिडकीशी उभे राहिले. मेजावर दोन खटके होते. एक नवा, त्याच्या तारेवर ताज्या डाखाचा चकचकीत ठिपका. दुसरा पितळी, जहाजावरून आलेला.

"घरात आणखी कोण असतं?" राजश्रीताईंनी विचारलं.

"आम्ही दोघंच. भाऊ उमेर कतारला असतो," रुबिना म्हणाली.

राजश्रीताई पितळी खटक्यावर वाकल्या आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "चाचा, त्या पहाटे इथे तुम्ही बसला होतात का?"

उत्तर नाही. संदेशने रुबिनाकडे पाहिलं. रुबिनाचा चेहरा पांढराफटक पडला.

ताई सावकाश वळल्या. "चाचा, शिकवणी चालू आहे का अजून?"

"छे, बंद केली कधीच," चाचा लगेच म्हणाले. "आता कोनाला हवंय मोर्स? सगल्यांना मोबाइल होवा."

सोप्या प्रश्नाला पटकन उत्तर आणि अवघड प्रश्नाला मौन. संपलं सगळं, संदेशला वाटलं. आता आईला कोणत्या तोंडाने सांगायचं?

"अनिलकाकांना इथंच बोलाव," ताई त्याला म्हणाल्या.

अनिलकाका आले ते तक्रारीचा कागद खिशात घेऊनच. सगळे मेजाभोवती बसले.

"काका, तुमचा कान पक्का आहे. हात फारुकचाचांचाच," राजश्रीताई म्हणाल्या. रुबिनाने डोळे मिटले. "पण बोटं रुबिनाची. रुबिना, तू मोर्स कशावर शिकलीस?"

"याच खटक्यावर. अब्बांच्या मांडीवर बसून."

"इलेक्ट्रॉनिक खटका ठिपके-रेघा स्वतः पाडतो, त्यामुळे सगळ्यांचं वळण सारखंच. पहाटे त्याची तार तुटली, तिचा डाख अजून ताजा आहे. पितळी खटका हाती आला आणि त्याबरोबर लहानपणी गिरवलेलं वळणही आलं. तो खटका मनगटाने दाबावा लागतो. सवय मोडलेल्या मनगटाने तासन्‌तास दाबला, म्हणून ही पट्टी."

अनिलकाकांना पटावंसं वाटत होतं, पण पटत नव्हतं. "मनगट कशानेही सुजेल. दोघांनी आळीपाळीने केलं असेल तर?"

"चाचांनी केलं नाही, याचा पुरावा आहे. पण तो सांगायचा हक्क माझा नाही."

"नका सांगू, ताई," रुबिना कळवळून म्हणाली. "होऊ दे सही. जाऊ दे माझं नाव."

आणि संदेशच्या डोक्यात एकदम कुकरच्या शिट्ट्या वाजू लागल्या. शिट्ट्या, मेजावर आपटलेली बोटं, पाठमोरा प्रश्न. त्याला स्वतःच्या बुद्धीची लाज वाटली.

चाचा एकेकाच्या तोंडाकडे पाहत होते. "काय झालंय? माज्याकडं काय बघताव सगले?"

राजश्रीताई त्यांच्या अगदी समोर बसल्या. आरोप काय आहे, आज रुबिनाचं काय जाणार आहे, ते त्यांनी एकेक शब्द सुटा करून सांगितलं. चाचा त्यांच्या ओठांवरून नजर न हलवता ऐकत राहिले. मग त्यांनी आपली खुर्ची अनिलकाकांकडे वळवली.

"अनिल," ते म्हणाले, "स्पर्धेत केवडे बारीक आवाज येतात, तुला ठावं हाय. ते ऐकल्याबिगर जबाब कसा वाजवनार? माज्या कानाला बाजूचा कुकर ऐकू येत नाय. अजान झाली ती मला खिडकीतून मशिदीकडं जानारी मानसं बघून कलते. शिकवनी काय उगाच बंद केली?" त्यांनी पितळी खटक्यावर बोट टेकवलं. "जलमभर कानावर भाकरी खाल्ली, बाबा. लाज वाटली सांगायची."

मग ते मुलीकडे वळले. "आनि तू माज्या कानासाठी आपलं नाव घालवायला निघालीस?"

रुबिनाला हुंदका आवरेना. अनिलकाकांनी खिशातला कागद काढून चुरगळला. मग त्यांनी पितळी खटका पुढे ओढला आणि कशालाच न जोडलेल्या त्या खटक्यावर ठिपके-रेघा वाजवल्या. संदेशला त्यातलं काही कळलं नाही. रुबिनाने हळूच त्याला सांगितलं, "माफी मागतायत."

फारुकचाचांनी तळहात मेजावर पालथा टेकवला होता, डोळे मिटले होते आणि मेजातून येणारा एकेक ठोका ते टिपत होते. खटका थांबला तसे त्यांनी ते उघडले.

"माफ केलं," ते म्हणाले. "पन अनिल, तुजी शेवटची रेघ अजून आखूडच हाय."